एकच गाणं पुन्हा पुन्हा का येतं? बनानारामा आणि क्लब रिमिक्स

स्ट्रीमिंग अ‍ॅपवर बनानारामा या ब्रिटिश पॉप गायिकांच्या गटाचं नाव टाकलं की गाण्यांपेक्षा गाण्यांची रूपंच जास्त दिसतात. नाव तेच, पण एकापुढे ‘रेडिओ एडिट’, दुसऱ्यापुढे ‘एक्स्टेंडेड मिक्स’, तिसऱ्यापुढे ‘डब’, चौथ्यापुढे कुठल्याशा डीजेचं नाव. ऐकणारा गोंधळतो. यातलं खरं गाणं कुठलं? बाकीची कुणासाठी? आणि या गटात उरलेल्या, साठी ओलांडलेल्या दोन बायका अजूनही नाचाचीच गाणी का काढतायत?

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. क्लब रिमिक्सकडे गाण्याला लावलेलं शेपूट म्हणून पाहिलं, तर या गटाची निम्मी कहाणी हातातून सुटते. वय वाढलं तशी रेडिओने पाठ फिरवली. तरीही ज्या रसिकांनी या बायकांना धरून ठेवलं, ते डान्स फ्लोअरवर होते आणि त्यांच्यापर्यंत गाणं पोचायचं ते रिमिक्सच्याच वाटेने.

या तिघी कोण

सेरा डॅलिन आणि केरन वुडवर्ड या ब्रिस्टलच्या बालमैत्रिणी. डॅलिन लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये पत्रकारिता शिकत असताना तिला शिव्हॉन फाही भेटली आणि १९८०च्या सुमाराला तिघींचा गट जमला. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा ड्रमर पॉल कुक याच्या ओळखीमुळे त्यांना डेन्मार्क स्ट्रीटवर, त्या बँडच्या तालमीच्या जागेच्या वर, राहायला मिळालं. १९८१मध्ये आलेलं त्यांचं पहिलं गाणं चक्क स्वाहिली भाषेत होतं.

१९८३चं ‘क्रुएल समर’ ब्रिटनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या तक्त्यावर आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि पुढच्या वर्षी ‘द कराटे किड’ चित्रपटात वाजल्यावर अमेरिकेत नवव्या. पण आपल्या विषयाचं खरं मूळ १९८६मध्ये आहे. ‘व्हीनस’ हे शॉकिंग ब्लू या डच बँडचं १९६९चं गाणं. तिघींना ते नाचाच्या ठेक्यात करायचं होतं, म्हणून त्या स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या निर्मात्यांच्या त्रिकुटाकडे गेल्या. या त्रिकुटाचं नाव तेव्हा झालं होतं ते लंडनच्या क्लबांत, विशेषतः समलिंगी पुरुषांच्या क्लबांत, वाजणाऱ्या ‘हाय एनर्जी’ नावाच्या वेगवान संगीतामुळे. ‘व्हीनस’ सप्टेंबर १९८६मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. क्लबशी जुळलेलं हे नातं पुढे कधी तुटलं नाही.

१९८८मध्ये फाही बाहेर पडली. तिच्या जागी जॅकी ओ’सलिव्हन आली, तीही १९९१मध्ये गेली. तेव्हापासून, मधला एक दौरा सोडला तर, गट म्हणजे डॅलिन आणि वुडवर्ड या दोघीच.

रिमिक्स म्हणजे नेमकं काय

स्टुडिओत गाणं एका दमात रेकॉर्ड होत नाही. ड्रम वेगळे, बास वेगळा, कीबोर्ड वेगळा, मुख्य आवाज वेगळा, मागचे आवाज वेगळे. या सुट्या थरांना स्टेम म्हणतात. ते एकत्र करून, कुठला किती मोठा ठेवायचा हे ठरवून जे तयार होतं ते मिक्स. रिमिक्स करणाऱ्याला हे सुटे थर मिळतात. तो बहुधा आवाज तेवढे ठेवतो आणि खालचं सगळं नव्याने बांधतो. एकदा आमटी उकळली की तिच्यातली चिंच वेगळी काढता येत नाही, म्हणून रिमिक्सवाल्याच्या हाती फोडणीच्या आधीचं सगळं साहित्य द्यावं लागतं. (तयार गाण्यातून आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आता आली आहेत. पण मूळ थर हाती असताना मिळणारी सफाई त्यांना अजून साधलेली नाही.)

इथे दोन शेजारच्या गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. दुसऱ्याचं गाणं स्वतः नव्याने गायलं तर ते कव्हर. बनानारामाचं ‘व्हीनस’ हे कव्हर आहे. जुन्या रेकॉर्डिंगचा एखादा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवला तर ते सँपल.

आपल्याकडे २०००च्या आगेमागे हिंदी गाण्यांच्या ‘रिमिक्स’ची जी लाट आली, त्यातली बरीच गाणी या अर्थाने कव्हर होती. मूळ गायिकेचा आवाज त्यांत नसायचाच, दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलेलं असायचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तशी वाट होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली, की रीतसर नोटीस आणि ठरावीक मानधन देऊन गाणं नव्याने रेकॉर्ड करता यायचं. २०१२च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांवर नेली आणि अटी कडक केल्या. बनानारामाच्या रिमिक्सचं तसं नाही. आवाज त्यांचाच असतो, स्टेम त्यांच्या कंपनीने दिलेले असतात आणि काम सांगून करवून घेतलेलं असतं.

एवढं लांबवतात कशाला

साडेतीन मिनिटांचं गाणं सात मिनिटांचं कसं आणि कशासाठी होतं, हे कळायला १९७०च्या दशकातल्या न्यूयॉर्ककडे जावं लागतं. तिथल्या डिस्कोंमध्ये डीजेंची अडचण अशी, की गाणी रेडिओच्या मापाने कापलेली. नाचणाऱ्यांना रंग चढायच्या आत गाणं संपायचं. टॉम मोल्टन नावाच्या माणसाने गाणी लांबवून, मध्येच बाकीची वाद्यं थांबवून फक्त ताल चालू ठेवून, नव्या प्रती करायला सुरुवात केली. सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून एकदा त्याचं गाणं मोठ्या तबकडीवर कोरलं गेलं, असं तो स्वतः सांगत असे. मोठ्या तबकडीवर जागा जास्त, त्यामुळे खाचा ऐसपैस. खोल बास कोरायला रुंद खाच लागते. ती मिळाल्यावर आवाज असा काही दणदणीत आला, की ती चाल पडली. १९७६मध्ये बारा इंची सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली तबकडी, दुकानात विकायला आली. एक्स्टेंडेड मिक्स जन्मला तो या तबकडीवर.

आता डीजेचं काम जवळून पाहू. नाचाचं गाणं साधारण मिनिटाला १२८ ठोक्यांचं असतं असं धरा. चार ठोक्यांचं एक आवर्तन, त्याला बार म्हणतात. ३२ बार म्हणजे १२८ ठोके, म्हणजे बरोबर एक मिनिट. एक्स्टेंडेड मिक्सची सुरुवात १६ किंवा ३२ बार नुसत्या ड्रमने होते. गाणं नाही, सूर नाही, फक्त ठेका. आधीचं गाणंही असंच नुसत्या ठेक्यावर संपत असतं. या दोन रिकाम्या पट्ट्या डीजे एकमेकींवर ठेवतो, वेग जुळवतो आणि एकातून दुसऱ्यात सरकतो. फ्लोअरवरच्या माणसाचं पाऊल चुकत नाही. सुरुवातीलाच आवाज असता तर दोन गाण्यांचे सूर एकमेकांवर आदळले असते. घरी ऐकताना कंटाळवाणा वाटणारा तो अर्धा-एक मिनिट ही डीजेची काम करायची जागा आहे.

आणि म्हणूनच रेडिओ एडिट वेगळा काढावा लागतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणं वाजलं असं मोजलं जात नाही. १२८च्या वेगाला १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद. नुसत्या ड्रमवर एवढा वेळ घरबसल्या श्रोता थांबेलच असं नाही. त्याच्यासाठी पहिल्या काही सेकंदांत आवाज यायला हवा.

डबमध्ये शब्द जवळजवळ काढून टाकलेले असतात. एखादी ओळ, एखादा हुंकार तेवढा ठेवून त्यावर घुमारा दिलेला. इन्स्ट्रुमेंटल म्हणजे आवाजाविना संगीत. नावं जड वाटतात, पण प्रत्येकाला रात्रीतली आपापली वेळ ठरलेली आहे.

वेग वाढवला की आवाजाचं काय होतं

जुन्या काळी टेप किंवा तबकडी जोरात फिरवली की आवाज चढायचा. मिनिटाला ११० ठोक्यांचं गाणं १२६ला नेलं, तर ते दोन अर्धस्वरांहूनही थोडं वर सरकतं. काळी एकमध्ये गायलेलं गाणं काळी दोनच्याही वर जातं आणि बायकांचा आवाज चिरका, लहान मुलीसारखा लागतो. संगणकावर आता पट्टी तीच ठेवून वेग बदलता येतो, त्यामुळे जुन्या गाण्यांचे नवे रिमिक्स करणं कितीतरी सोपं झालं आहे.

इथे बनानारामाचा एक गुण कामी येतो. समीक्षकांनी वर्षानुवर्षं त्यालाच दोष म्हटलं. या तिघी एकाच सुरात गायच्या. एक खाली, एक वर अशी सुरांची उतरंड त्यांनी फारशी केली नाही. तीन आवाज एकाच रेषेत. गायकी म्हणून यात कसब नाही, असं म्हणणारे होते. पण रिमिक्सच्या दृष्टीने ही पर्वणी आहे. एकसुरात गायलेली ओळ म्हणजे जाड, एकसंध थर. खाली कुठलाही ठेका ठेवा, कुठलाही बास ठेवा, ती ओळ दबत नाही आणि अर्धी ऐकू आली तरी कुणाची ते लगेच कळतं. मोठमोठ्या ताना घेणाऱ्या गायिकांचे रिमिक्स ऐकताना कित्येकदा आवाज एकीकडे आणि ठेका दुसरीकडे जातो. बनानारामाच्या बाबतीत मला तसं सहसा जाणवत नाही.

पुनरागमन रेडिओवर का होत नाही

ब्रिटनमध्ये पॉप गाणं घराघरात पोचवण्याचा हमरस्ता म्हणजे बीबीसी रेडिओ १, आणि त्या वाहिनीचा रोख तरुणांवर, १५ ते २९ वयाच्या श्रोत्यांवर. १९९६मध्ये स्टेटस क्वो या बुजुर्ग रॉक बँडने आपलं गाणं लावत नाहीत म्हणून तिला कोर्टात खेचलं होतं. बँड हरला. तेव्हापासून सगळ्यांना कळून चुकलं, की जुन्यांना या दारावर हक्क सांगता येत नाही. पुरुषांची ही गत, तर पॉप गाणाऱ्या बायकांची काय सांगावी! चाळिशीतल्या गायिकेकडून ब्रिटिश संगीतव्यवसायाची अपेक्षा एकच असायची. तिने जुनी गाणी गात फिरावं.

२००५मध्ये डॅलिन आणि वुडवर्ड ४३-४४ वर्षांच्या होत्या. ‘ड्रामा’ हा अल्बम त्यांनी पूर्णपणे क्लबच्या ठेक्यात काढला. पहिलं सिंगल ‘मूव्ह इन माय डायरेक्शन’ ब्रिटनमध्ये १४वं आलं. १९८९नंतर त्यांना एवढं वरचं स्थान मिळालं नव्हतं. दुसरं सिंगल ‘लुक ऑन द फ्लोअर’ २६व्या क्रमांकावर थांबलं. नुसते हे आकडे पाहिले तर दुसरं गाणं पडलं असंच वाटेल. पण तेच गाणं अमेरिकेच्या डान्स क्लब तक्त्यावर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

हा फरक कसा पडला? ब्रिटनचा मुख्य तक्ता विक्री मोजत होता. अमेरिकेतल्या बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाचा हा क्लब तक्ता विक्री पाहतच नव्हता. ठरलेले डीजे आपापल्या क्लबात कुठल्या गाण्यावर लोक नाचले ते कळवायचे आणि त्यावरून क्रमांक लागायचा. रेडिओ कार्यक्रमाच्या संचालकाला गायिकेचं वय दिसतं. रात्री एक वाजता फ्लोअरवर ते कुणाला दिसत नाही, विचारायची गरजही पडत नाही.

‘लुक ऑन द फ्लोअर’ची बांधणीही पाहण्यासारखी आहे. माय माइन या इटालियन गटाच्या १९८३च्या ‘हिप्नॉटिक टँगो’ या गाण्यावर ते उभं आहे. ते नाव नव्या गाण्याच्या नावातच कंसात लिहिलेलं आहे. १९८३ म्हणजे बनानारामाचाही बहराचा काळ. त्याच वर्षीचा इटालियन डिस्को २००५च्या आवाजात बसवल्यामुळे जुन्या रसिकाला ओळखीचं आणि नव्याला ताजं, असं दोन्ही साधलं. याच अल्बममध्ये त्यांनी ‘व्हीनस’ आणि ‘रियली सेइंग समथिंग’ या आपल्या जुन्या गाण्यांचे नवे रिमिक्सही घातले. ‘व्हीनस’चा रिमिक्स मार्क आल्मंडच्या नावाने आहे, तो स्वतः १९८०च्या दशकातला मोठा गायक.

या क्लबांत समलिंगी श्रोत्यांचा वाटा किती मोठा होता, ते स्पष्ट सांगायला हवं. मुख्य प्रवाहाने टाकून दिलेल्या पॉप गायिकांना या श्रोत्यांनी कायम मानाची जागा दिली. २००२मध्ये गटाच्या वीस वर्षांचा सोहळा झाला तो लंडनच्या अ‍ॅस्टोरियात भरणाऱ्या जी-ए-वाय या क्लबात, आणि त्या रात्री शिव्हॉन फाहीही मंचावर आली. सोहळ्यासाठी त्यांनी निवडलेली जागा बरंच काही सांगते.

‘पण हे तर एकच गाणं पुन्हा पुन्हा विकणं झालं’

आक्षेपात तथ्य आहे. १९८० आणि ९०च्या दशकांत ब्रिटिश कंपन्या एकच सिंगल सात इंची, बारा इंची, कॅसेट, सीडी अशा अनेक रूपांत काढत. प्रत्येकावर वेगळा मिक्स, म्हणजे निस्सीम चाहता सगळ्याच घेणार आणि ती सगळी विक्री एकाच गाण्याच्या नावावर जमा होणार. आजही प्रत्येक रिमिक्सला ध्वनिमुद्रण म्हणून स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो, त्यामुळे जुनंच गाणं अ‍ॅपवर ‘नवं’ म्हणून पुन्हा पुढे येतं. अमेरिकेच्या क्लब तक्त्यासाठी तर संथ प्रेमगीतांनाही ओढूनताणून ठेका लावलेला मी ऐकला आहे, आणि त्यातले बरेच रिमिक्स एकदा ऐकून विसरावेत असेच होते.

पण यावरून सगळ्याच रिमिक्सना फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल. कसोटी साधी आहे. रिमिक्सने मूळ गाण्यात दडलेलं काही बाहेर काढलं का? आणि मूळ गाणं नाचासाठी होतं का? बनानारामाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९८६पासून ‘हो’ असंच आहे.

‘मग यात गायिकांचं काय राहिलं?’

कायद्याने गाण्याचे दोन मालक असतात. शब्द आणि चाल ज्यांनी केली त्यांचा एक हक्क, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावर, ज्याला मास्टर म्हणतात, दुसरा. रिमिक्स करणाऱ्याला बहुधा एकरकमी मेहनताना मिळतो, दोन्हींत वाटा नसतो. गायिकेने गीतलेखनात भाग घेतला असेल, तर गाण्याचं कुठलंही रूप वाजलं तरी तिला पैसे मिळतात. म्हणूनच स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन यांच्या कारखान्यात बाकीचे बहुतेक गायक तयार गाणं गाऊन जात असताना या तिघींनी सहलेखनाचा आग्रह धरला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९८७च्या ‘वॉव!’ अल्बमवर त्रिकुटाच्या नावांसोबत त्यांची नावं आहेत. यावरून खटके उडाले. त्या मागे हटल्या नाहीत.

जुन्या गाण्यांची मास्टर कंपनीकडे राहिली. नव्या काळात मात्र त्यांनी ‘इन सिंक’ नावाचं स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, काढलं. २०१९चा ‘इन स्टेरिओ’ आणि २०२२चा ‘मास्करेड’ हे अल्बम त्यावरच आले. दोन्हींचा निर्माता इयन मास्टरसन. हा गृहस्थ १९९०च्या दशकात ट्राउझर एन्थुझिअ‍ॅस्ट्स या रिमिक्स करणाऱ्या जोडीतला एक. रिमिक्सवालाच निर्माता झाल्यामुळे या अल्बमांतली गाणी जन्मतःच क्लबच्या मापाची आहेत.

तो वर उल्लेख केलेला दौरा २०१७चा. फाही १९८८मध्ये गेली तोवर गटाने एकही दौरा केला नव्हता. त्यामुळे मूळ तिघी एकत्र दौऱ्यावर निघाल्या त्या इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. त्या दौऱ्यात जुनी गाणी गायली गेली, आणि पुढच्याच अल्बममध्ये पुन्हा नवीन. हे मला विशेष वाटतं, कारण एवढं यश मिळाल्यावर जुन्याच शिदोरीवर उरलेली वर्षं आरामात काढता आली असती.

क्लब बंद पडले तेव्हा

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे क्लबांना टाळं लागलं. डीजेंनी कळवायला काही उरलं नाही, म्हणून बिलबोर्डने तो क्लब तक्ता थांबवला. १९७४पासूनची परंपरा तिथे संपली. त्या आधीच, २००५मध्ये डाउनलोड आणि २०१४मध्ये स्ट्रीमिंग, ब्रिटनच्या मुख्य तक्त्यात मोजलं जाऊ लागलं होतं. आता एखाद्या जुन्या गटाचं गाणं फ्लोअरवर किती चाललं हे सांगणारं सर्वमान्य माप अमेरिकेत उरलेलं नाही. रिमिक्स निघतात, पण बरेचसे व्यायामाच्या आणि पार्टीच्या प्लेलिस्टमधून पसरतात.

ज्यांना हे सगळं कानांनी पडताळून पाहायचंय, त्यांनी ‘लुक ऑन द फ्लोअर’पासून सुरुवात करावी. लोकलमध्ये, कानात इअरफोन घालून ऐकायला रेडिओ एडिट पुरे. एक्स्टेंडेड मिक्स मोठ्या स्पीकरवर लावावा, बास छातीला जाणवेल इतपत, आणि सुरुवातीचा नुसता ठेका किती बार चालतो ते बोटांवर मोजावं. डब सगळ्यांत शेवटी, गाण्याच्या ओळी पाठ झाल्यावर. कुठली ओळ ठेवली आणि कुठली काढली, हे तेव्हाच कळतं.